सुरू व्हायची घाई, बंद व्हायची घाई



मध्यंतरी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यामुळे बरेच दिवस लिहिणे बंद होते. डॉक्टरांनी पडद्यापुढे बसायला मनाई केली होती. आता परवानगी मिळाली आहे, तेव्हा पहिला लेख संगणकाच्या सुरू होण्यावर आणि बंद होण्यावरच लिहावा म्हणतो. विषय रुक्ष वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. यात माझे एक जुने दुखणे आहे, तेही सांगणार आहे.

२०२५च्या दिवाळीत मुलगी आणि जावई पुण्याहून पिंप्राळ्याला आले ते माझ्यासाठी नवा लॅपटॉप घेऊनच. त्यात विंडोज ११. जावई म्हणाले, "बाबा, आता चहा होईपर्यंत वाट बघायला नको. बटण दाबलं की हजर!" मी आपले एचएमटीचे घड्याळ समोर ठेवले आणि बटण दाबले. खरेच, दहा-बारा सेकंदांत पडद्यावर चित्र आले. घरात कौतुक झाले. शेजारचे अप्पा फराळाला आले होते, त्यांनीही पहिला प्रश्न तोच विचारला, "किती वेळात चालू होतो?" भाच्याने फोनवर तेच विचारले. बंद कसा होतो, हे मात्र एकानेही विचारले नाही.

नवी संगणक प्रणाली आली की तिची परीक्षा आपण अशी सेकंदांवर घेतो. जाहिरातवालेही तेच सांगतात, दुकानदारही तेच सांगतो. माझे मत थोडे वेगळे आहे. सुरू व्हायला किती वेळ लागतो यापेक्षा बंद होताना यंत्र नेमके काय करते, हे कळणे जास्त महत्त्वाचे. आणि चार सेकंद वाचवायच्या नादात चांगले चालणारे यंत्र भंगारात घालणे हा तर शुद्ध वेडेपणा. हे मी कुठल्या पुस्तकातून सांगत नाही, ठेच लागल्यावर शिकलो आहे.

सुरुवातीपासून सांगतो.

२००४ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी एमएस-सीआयटीच्या वर्गात जाऊन बसलो. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे एमकेसीएलने, हा अभ्यासक्रम २००१ मध्ये सुरू केला होता आणि सरकारी नोकरांना, आम्हा मास्तर मंडळींना संगणकाची परीक्षा पास होणे भाग झाले होते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले ते सगळे खाली मान घालून माऊस धरायला शिकत होते. शिकवणारी मुलगी माझीच विद्यार्थिनी. आठवीत तिला मी मराठी शिकवले होते. आता ती उभी आणि मी बाकावर!

पहिल्याच दिवशी वर्गात हशा पिकला. संगणक बंद कसा करायचा, असे आमच्यातल्या एका मुख्याध्यापकांनी विचारले. ती म्हणाली, "सर, आधी 'स्टार्ट'वर टिचकी मारा." ते म्हणाले, "अगं बाई, मला बंद करायचा आहे." ती म्हणाली, "हो सर, बंद करायलाही स्टार्टच!" आम्ही सगळे पोट धरून हसलो.

वर्गात दोन जुने संगणक विंडोज ९८चे होते. ते बंद करायची आज्ञा दिली की काही वेळाने काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरे येत. आता संगणक बंद करायला हरकत नाही, असा त्यांचा अर्थ. ती अक्षरे दिसली की मगच आपण हाताने बटण दाबायचे. नव्या संगणकांत ती अक्षरे गेली, कारण यंत्र आपले आपणच वीज तोडायला शिकले. पण त्या मुलीने आम्हाला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "सर, पडदा काळा झाला म्हणजे संगणक बंद झाला असं नाही. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकतोय ना? तो थांबेपर्यंत भिंतीवरचं बटण दाबायचं नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतले होते. परीक्षेत चांगले गुणही मिळवले. आणि बारा वर्षांनी नेमके तेच विसरलो. ते पुढे येईलच.

संगणकाला सुरू व्हायला वेळ का लागतो, हे आधी थोडक्यात सांगतो. शाळेचेच उदाहरण घ्या. सकाळी शिपाई येऊन कुलूप उघडतो, खोल्या बघतो, घंटा होते, प्रार्थना होते, हजेरी होते आणि मग कुठे पहिला तास सुरू होतो. संगणकातही आधी एक छोटा पहारेकरी जागा होतो. तो कळफलक, स्मृती, डिस्क जागेवर आहेत ना ते बघतो. मग डिस्कवर ठेवलेल्या प्रणालीचा गाभा उचलून रॅममध्ये आणला जातो, कारण रॅमला वीज गेली की काहीच आठवत नाही, तिची पाटी रोज कोरी. मग पडदा, आवाज, छपाईयंत्र यांना चालवणारे मदतनीस येतात. मग आपण दुकानदाराच्या सांगण्यावरून घातलेले दहा प्रोग्रॅम एकमेकांना ढकलत आत शिरतात.

यात एक गंमत आहे. पडद्यावर चित्र दिसले म्हणजे संगणक तयार झाला असे नाही. प्रार्थना चालू असताना शाळा भरल्यासारखी दिसते, पण तास सुरू झालेला नसतो. म्हणून मी वेळ मोजायची माझी पद्धत ठरवली आहे. बटण दाबल्यापासून देवनागरीतले पहिले अक्षर पडद्यावर उमटेपर्यंतचा वेळ धरायचा. (मी नेहमी 'श्री' टंकतो. सवय!)

२००९ मध्ये निवृत्त झालो आणि २०१२ मध्ये मेजावरचा संगणक घेतला. त्यात विंडोज ७ होते. ही प्रणाली तयार होत असताना, २००८ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी जाहीरपणे लिहिले होते की पंधरा सेकंदांच्या आत सुरू होणारा संगणक फार चांगला म्हणावा. माझ्याकडे 'श्री' उमटायला मिनिट-सव्वा मिनिट लागे. मला त्याचे काही वाटत नसे. शिवाय एक्सपीवर मराठी दिसायला सीडी घालून वेगळी खूण करावी लागे आणि मग संगणक पुन्हा सुरू करावा लागे. ज्यांनी त्या काळात बरहा आणि गमभनच्या आधाराने लिहिले त्यांना आठवत असेल. इथे ते काहीच करावे लागले नाही. दोन मिनिटे वाचली काय आणि गेली काय, माझी भाषा आधीच आत येऊन बसली होती याचा आनंद जास्त होता.

२०१६च्या मे महिन्यात भाच्याने त्याच संगणकावर विंडोज १० चढवून दिले. तेव्हा ते फुकट मिळत होते, जुलैअखेरपर्यंत मुदत होती. नंतर मी वहीत नोंद केली ती अशी: चित्र पन्नास सेकंदांत, 'श्री' मात्र चार मिनिटांहून जास्त वेळाने. आणि बंद करताना उलटे. पूर्वी बराच वेळ गोल फिरत राहायचे, आता काही क्षणांत पडदा काळा! मी खूश. म्हटले, उठायला आळशी आहे पण झोपायला शहाणा आहे.

आता ते दुखणे सांगतो.

माझी आई साक्री तालुक्यातली. तिची अहिराणी ठसठशीत. आंडोर, आंडेर हे शब्द आपल्या खान्देशात सगळ्यांनाच ठाऊक आहेत. पण आईकडे खळ्यावरचे, जात्यावरचे, गोठ्यातले, बाळंतिणीच्या खोलीतले असे शब्द होते की जे मी बी.ए.ला मराठी घेऊनही कधी वाचले नव्हते. निवृत्तीनंतर मी ते लिहून घ्यायला बसलो. आधी वहीत. मग संगणक आल्यावर ती शेजारी खुर्चीत बसून सांगे आणि मी थेट टंके. एखादा शब्द चुकला की ती माझ्या हातावर हलकेच चापट मारी. तिला वाचता येत नव्हते, पण मी मोठ्याने वाचून दाखवले की चूक बरोबर पकडायची. २०१४च्या पावसाळ्यात ती गेली. तोवर यादी अकराशेच्या वर गेली होती.

२०१६च्या त्या मे महिन्यात मी यादी अकारविल्हे लावत होतो. संध्याकाळी एरंडोलला हळदीला जायचे होते. जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, सौभाग्यवती दोनदा हाक मारून गेलेल्या. मी बंद करायची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. मी उठता उठता भिंतीवरचे बटण दाबले. डब्यावरचा दिवा लुकलुकत होता की नव्हता? मी बघितलेच नाही.

दुसऱ्या दिवशी संगणक बराच वेळ स्वतःलाच तपासत बसला आणि शेवटी सुरू झाला. ती फाइल उघडली तर आत नुसते चौकोन. ओळीमागून ओळी चौकोन. एका जाणकाराने दोन दिवस खटपट केली, हाती काही लागले नाही. माझ्याकडे शेवटची प्रत सीडीवर होती, ती २०१३ मधली. त्यानंतरचे तीनशेच्या वर शब्द गेले. त्यांतले काही मला आठवले, काही मावशीने सांगितले, पण बरेचसे गेले ते गेलेच. विचारायला आई नव्हती.

यात दोष कुणाचा? प्रणालीचा नाही, संगणकाचा नाही. माझाच. प्रत ठेवली नाही, दिवा बघितला नाही, आणि पडदा काळा झाला म्हणजे काम संपले असे समजलो. विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

त्यानंतर मी हट्टाने शिकलो की बंद होताना आत काय चालते. प्रणाली आधी उघड्या प्रोग्रॅमना निरोप देते, आवरा म्हणून. ज्यांचे लिखाण जपून ठेवायचे राहिले असेल ते आपल्याला विचारतात. काही मजकूर डिस्कवर लिहायचा म्हणून रॅममध्ये वाट बघत असतो, कारण डिस्क हळू आणि रॅम चपळ. तो सगळा या वेळी खाली उतरवला जातो. मग मागे चालणारे मदतनीस एकेक करून थांबवले जातात. नव्या सुधारणा, म्हणजे अपडेट, आल्या असतील तर त्यांतल्या काही याच वेळी बसवल्या जातात. आपल्याला दिसतो फक्त काळा पडदा. पडदा पडल्यावर रंगमंचामागे किती धावपळ असते, हे शाळेच्या स्नेहसंमेलनात ज्यांनी काम केले त्यांना विचारा.

आणखी एक मजेशीर आकडा कळला. आवरायला सांगितल्यावर या मदतनिसांसाठी प्रणाली किती थांबते? विंडोज एक्सपीमध्ये ही मर्यादा मुळात वीस सेकंदांची होती. विंडोज १० मध्ये ती पाच सेकंदांवर आली. म्हणजे नवी प्रणाली लवकर बंद होते त्याचे एक कारण ती हुशार झाली हे असेल, पण दुसरे कारण तिचा धीर कमी झाला हेही आहे! (माझ्या नातवंडांशी याचा काही संबंध नाही, गैरसमज नसावा.)

२०१९ मध्ये जुन्या संगणकाची हार्ड डिस्क बदलली. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक काटा इकडून तिकडे पळतो, आपल्या ग्रामोफोनसारखा. काट्याला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जायला वेळ लागतो. सुरू होताना हजारो छोट्या छोट्या गोष्टी वेगवेगळ्या जागांवरून उचलायच्या असतात, म्हणून तो बिचारा दमतो. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसतेच. महिन्याच्या दुधाच्या बिलात भागेल एवढ्या खर्चात तो बदल झाला. आणि वहीतली नोंद? 'श्री' पंचवीस सेकंदांत! प्रणाली तीच, संगणक तोच, मास्तरही तोच. चार मिनिटांची पंचवीस सेकंद झाली ती डिस्क बदलल्यामुळे. मग तीन वर्षे मी ज्या नव्या प्रणालीला आळशी म्हणत होतो, तिची मी मनातल्या मनात माफी मागितली.

हिशेब करून बघितला. रोज चार मिनिटे म्हणजे वर्षाला १४६० मिनिटे, म्हणजे चोवीस तासांच्या थोडे वर. वर्षाचा एक अख्खा दिवस मी संगणकापुढे नुसता बसून काढत होतो. थोडा वेळ म्हणतो आपण, पण साठला की केवढा होतो!

यावरून एक गोष्ट आठवली. १९८३ मध्ये अ‍ॅपलचे मॅकिंटॉश तयार होत होते. ते सुरू व्हायला फार वेळ लागतो म्हणून स्टीव्ह जॉब्स एका अभियंत्याच्या मागे लागले. त्यांचा युक्तिवाद असा की पन्नास लाख लोक हे यंत्र वापरतील आणि रोज प्रत्येकाचे दहा सेकंद वाचले तर वर्षभरात कित्येक माणसांची अख्खी आयुष्ये वाचतील. अँडी हर्ट्झफेल्ड यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे. मी गुणाकार करून बघितला. पन्नास लाख गुणिले दहा म्हणजे पाच कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ ५७९ दिवस. तेही एका दिवसात! गणित बरोबर आहे.

पण मला मास्तरकीचा प्रश्न पडतो. वाचलेले सेकंद जमा कुठे होतात? माझा रोजचा तो वेळ वाचू लागल्यापासून मी काय केले? खरे सांगतो, बातम्या बघितल्या. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत मी आज काय लिहायचे त्याचा विचार करायचो, खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे बघायचो. लेखाचे पहिले वाक्य बहुतेक वेळा त्या चार मिनिटांत सुचायचे. याचा अर्थ संगणक हळू असावा असा नाही. पण वेग वाढला म्हणून लेख वाढले नाहीत, एवढे मात्र खरे. असो.

आता नव्या लॅपटॉपकडे येतो.

गेल्या जानेवारीत त्याच्याशी जोडलेले छपाईयंत्र काम करेना. एका माजी विद्यार्थ्याला फोन लावला. तो नाशिकला संगणकाचेच काम करतो.

"सर, रोज बंद करता ना?"

"रोज. रात्री जेवण झाल्यावर. नियमाने."

"टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये जा. खाली 'अप टाइम' लिहिलंय, ते वाचा."

मी वाचले. तेवीस दिवस, काही तास, काही मिनिटे.

"सर, तुमचा लॅपटॉप तेवीस दिवसांत एकदाही पुरता बंद झालेला नाही."

मी थक्क. रोज रात्री मी 'शट डाऊन'वर टिचकी मारत होतो, दिवा विझत होता, मी झाकण लावून त्यावर रुमाल घालत होतो. आणि हा म्हणतो, बंद झालाच नाही!

मग त्याने समजावून सांगितले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आहे आणि बऱ्याच संगणकांवर ती मुळातच चालू असते. बंद करा म्हटले की आपले प्रोग्रॅम बंद होतात, आपली बैठक मोडते. पण प्रणालीचा गाभा मोडत नाहीत. तो आहे तसा डिस्कवरच्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवतात आणि मगच वीज तोडतात. सकाळी बटण दाबले की सगळी मांडामांड नव्याने करण्याऐवजी तीच फाइल उचलून पुन्हा रॅममध्ये ठेवतात. म्हणून दहा सेकंद!

फोन ठेवल्यावर मला आईची चूल आठवली. रात्री स्वयंपाक झाला की ती चूल विझवत नसे. निखारे एका बाजूला सारून त्यावर गवरीचा तुकडा ठेवी आणि राखेने झाकून टाकी. बघणाऱ्याला वाटावे चूल थंड आहे. पहाटे राख बाजूला सारली की आत लाल विस्तव. दोन काटक्या टाकल्या, फुंकर मारली की चूल पेटली. काडेपेटी नको, रॉकेल नको. हा झाला फास्ट स्टार्टअप! मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये केले ते साक्री तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या चालू होते.

पण आईचा दुसराही नियम होता. आठ-पंधरा दिवसांनी ती सगळी चूल रिकामी करायची. निखारे विझवायचे, राख भरून उकिरड्यावर, चूल पोतेऱ्याने सारवायची आणि मग नवा विस्तव. नाही तर राख साठते, हवा खेळत नाही, चूल धुरकटते आणि डोळे चोळत बसावे लागते. माझ्या छपाईयंत्राचे तेच झाले होते. गाभ्यात कुठेतरी राख साठली होती आणि मी रोज रात्री तीच राख जपून ठेवत होतो.

उपाय साधा निघाला. 'रीस्टार्ट'! गंमत बघा, 'शट डाऊन'ने संगणक अर्धा बंद होतो आणि 'रीस्टार्ट'ने पुरता बंद होऊन नव्याने सुरू होतो. कारण रीस्टार्ट करताना गाभा जपून ठेवत नाहीत, मोडून पुन्हा मांडतात. मी रीस्टार्ट केले, छपाईयंत्र चालले आणि अप टाइम शून्यापासून सुरू झाला. शिफ्टची कळ दाबून धरून शट डाऊन केले तरी त्या वेळेपुरता संगणक पुरता बंद होतो. आणि ही सोय कायमची नको असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये वीजबटणांच्या खोलीत जाऊन तिची खूण काढता येते.

मी ती काढली नाही. सोय चांगलीच आहे. माझी तक्रार आहे ती शब्दाची. मराठीचा मास्तर आहे, शब्दावर अडणारच. बटणावर लिहिले आहे 'शट डाऊन', आणि आत होते ते वेगळेच. आपल्या भाषेत याला किती नेमका शब्द आहे बघा. जळगावच्या बाजारात रात्री व्यापारी दुकान 'बंद केले' म्हणत नाही, 'वाढवले' म्हणतो. कारण उद्या तेच दुकान पुन्हा उघडायचे असते, आतला माल आहे तिथेच असतो. दिवाळखोरी निघाली तर दुकान बंद होते, रोज रात्री ते वाढवले जाते. बटणावर 'वाढवा' असे लिहिले असते तर मला तेवीस दिवस फसल्यासारखे वाटले नसते. यंत्र काय करते हे माणसाला खरे सांगितले पाहिजे. मग ते हळू असले तरी माणूस चालवून घेतो.

दुसरी गोष्ट भंगाराची. विंडोज १०ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष घ्यायची सोय ठेवली आहे, पण मुख्य दार बंद झाले. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चीज लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा. माझा २०१२चा संगणक नापास! पंचवीस सेकंदांत 'श्री' लिहिणारा गडी, पण जन्मतारखेवरून बाद. दुकानात विचारले तर उत्तर मिळाले, "सर, याचं आता वय झालं. भंगारात द्या, नवा घ्या, बघा कसा पळतो."

वय झाले म्हणून बाद करायचे तर मी कुठे जाऊ?

सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झालेला संगणक जालावर वापरू नये, हे मला मान्य आहे. पेन्शन, बँक सगळे त्यावरच असते, तिथे धोका पत्करण्यात शहाणपण नाही. पण नवी प्रणाली म्हणजे एकाच कंपनीची नवी प्रणाली असे कुठे आहे? त्याच नाशिकच्या विद्यार्थ्याने दोन तासांत त्या जुन्या संगणकावर लिनक्स चढवून दिले. केरळातल्या शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर शिकवतात. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. माझ्या संगणकावर 'श्री' तिथेही अर्ध्या मिनिटाच्या आत उमटतो. शिवाय एक आज्ञा दिली की सुरू होताना कुणी किती सेकंद खाल्ले याची यादी ती प्रणाली नावानिशी देते. मला तर हजेरीपट मिळाल्याचा आनंद झाला! उशिरा येणारी पोरे कोण, ते लगेच कळते.

तो संगणक आता गल्लीतल्या मुलांसाठी ओसरीवर ठेवला आहे. त्यांना सुरू होण्याचे सेकंद मोजायला नाही, बंद करायला आधी शिकवतो. दिवा थांबेपर्यंत हात मागे बांधून उभे राहायचे. मुले हसतात, पण राहतात.

तेव्हा माझ्या वयाच्या वाचकांना आणि शाळांत काम करणाऱ्या मित्रांना सांगणे एवढेच. संगणक हळू झाला तर आधी डिस्क कोणती आहे ते विचारा, मग सुरू होताना कोण कोण आत घुसते ते बघून नको त्यांना थांबवा, आणि नवा घ्यायचा विचार शेवटी करा. आठवड्यातून एकदा, मी शनिवारी करतो, रीस्टार्ट करून चूल सारवा. अपडेट चालू असताना जायची घाई असेल तर संगणक तसाच सोडून जा, भिंतीवरचे बटण दाबू नका. आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा. आज ठेवा. जीप दारात उभी राहायच्या आधी ठेवा.

आमच्या पिंप्राळ्याला आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो. पंढरपूरला जाऊ न शकणारी माणसे आसपासच्या गावांतून दर्शनाला येतात. रथ हलतो तेव्हा केवढा जल्लोष होतो, सगळ्यांचे डोळे ओढणाऱ्यांकडे. पण लहानपणी वडील मला गर्दीतून आत नेऊन चाकाजवळची माणसे दाखवायचे. त्यांच्या हातात लाकडी मोगरी असते. एवढा अवजड रथ थांबवायचा तर ती नेमक्या वेळी चाकाखाली सारावी लागते. वडील म्हणायचे, ओढायला गाव आहे, थांबवायला हे चारच आहेत, म्हणून त्यांच्याकडे बघ.

मी त्या मे महिन्यात मोगरीकडे बघितले नाही. तीनशे शब्द चाकाखाली गेले.

उरलेली यादी आता तीन ठिकाणी आहे. एक प्रत पुण्याला मुलीकडे, एक माझ्याकडे, आणि एक छापून बाइंडिंग केलेली, कपाटात. तिला सुरू व्हायला काहीच वेळ लागत नाही.

आपल्यापैकी कुणाच्या घरी साक्री-पिंपळनेर भागातली म्हातारी माणसे असतील तर त्यांना खळ्यावरचे, जात्यावरचे शब्द जरूर विचारा आणि मला कळवा. यादीत जागा रिकामी ठेवली आहे.

चू. भू. द्या. घ्या.